सायकलची पॅडवाली शॉर्ट घ्यायची? आधी पुठ्ठ्यावर बसून पाहा

तर दोन वर्षांत तीन शॉर्ट्सवर मिळून माझे 5,300 रुपये गेले आणि त्यातले पहिले 2,100 गेले ते सरळ कुंडीत. म्हणजे खरोखरच्या कुंडीत, आमच्या गॅलरीतल्या, ते येईलच पुढे. आता ज्या तिसऱ्या शॉर्टवर मी टिकले आहे तिचा हा रिव्ह्यू, आणि जिथून घेतली त्या दुकानाचा पण. पण आधीच्या दोघींची कथा सांगितल्याशिवाय तिसरी का जमली ते कळणार नाही, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण नाव तेच ठेवून आतलं पॅड बदलून टाकतात आणि मग घेणारे येऊन मलाच बोलतात.

आधी माझं सांगते, म्हणजे तुमचं माझं जुळतं का ते पाहता येईल. वय 43, नागपुरात सदरला बँकेत नोकरी, दिवसभर खुर्चीत. आधी हायब्रिड सायकल होती, मागच्या वर्षी रोड बाईक घेतली. घर त्रिमूर्ती नगरात, रोजचा राउंड अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्सचा चढ आणि परत, असा 20-22 किमी. एवढ्यासाठी खरं सांगायचं तं पॅडवाली शॉर्ट लागतच नाही, मी वर्षभर साध्या लेगिंगवर केलं आणि काही झालं नाही. तासाभरात घरी येणाऱ्यानं उगाच खर्च करू नये असं माझं मत आहे, फोटोसाठी पाहिजे असेल तर गोष्ट वेगळी. पण आमच्या ग्रुपमधल्या पोट्ट्यांनी डोक्यात 200 च्या बीआरएमचं (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) भरवून दिलं, 200 किमी साडेतेरा तासांच्या आत, आणि त्याच्या तयारीला म्हणून रविवारी 60, मग 80, मग 100 असं सुरू झालं आणि तिथून बुडाचे हाल सुरू झाले. (बूडच म्हणते आहे, सभ्य पण वाटेल आणि पटकन समजेल पण असा दुसरा शब्द मला सापडला नाही.)

पहिली शॉर्ट ऑनलाइन, 650 रुपये. फोटोत निळं निळं जेल, त्यावर बाण काढलेले, खाली लिहिलेलं 'फाइव्ह डी पॅड'. आता पाच मिती कुठून आणल्या ते त्यांनाच ठाऊक, पण रिव्ह्यू हजारोंनी होते आणि सगळे म्हणत होते मऊ आहे, व्हेरी सॉफ्ट, व्हॅल्यू फॉर मनी. ते खोटं बोलत नव्हते, मऊ होतीच. घरात घालून सोफ्यावर बसले तं वाटलं वा.

ती घालून पहिली राइड रामटेकची. पहाटे साडेपाचला निघालो, कामठी, कन्हानचा पूल, मनसरवरून आत. जाऊन येऊन शंभराच्या आसपास होते. जाताना काही म्हणजे काही त्रास नाही, मी तर सगळ्यांना लिंक पण पाठवायला निघाले होते. गडाच्या पायथ्याशी चहा झाला, परत सीटवर बसले आणि कळलं की मऊपणा तिकडेच राहिला. तो स्पंज दोन तासांत चप्प बसून गेला होता, हाडं आणि सीट यांच्यामध्ये कापडच उरलं होतं म्हणा ना. आणि पॅड ज्या शिलाईनं शॉर्टला जोडलं होतं ती कड सुतळीसारखी उभी, बरोबर मांडी आणि बुडाच्या घडीत. काचतंय काचतंय म्हणत कन्हानपर्यंत आले, मग उभ्यानं पेडल मारत कामठीपर्यंत, मग ते पण होईना. नागपुरात आल्यावर तर्री पोह्याच्या ठेल्यावर सगळे बाकड्यावर बसले आणि मी प्लेट घेऊन उभी. पोहेवाले भाऊ म्हणाले, "ताई बसा ना, जागा आहे." म्हटलं, "आज बसण्याचा उपास आहे." घरी येऊन अंगावर पहिला मग पाणी घेतलं तेव्हा जी ओरडले तं सासूबाई बाहेरून दार वाजवून राहिल्या, काय झालं काय झालं. दोन्ही मांड्या सोलवटल्या होत्या. दोन दिवसांनी एक केसतोड पण झालं आणि तो आठवडा मी बँकेत खुर्चीच्या काठावर बसून काढला.

आमच्या ग्रुपात एक डॉक्टर ताई आहेत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या आणि माझ्यापेक्षा दुप्पट फिट. पुढच्या रविवारी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आत काही घातलं होतं का ग?" म्हटलं, घातलं होतं ना, म्हणजे काय. त्यांनी कपाळावर हात मारला.

तर हे मी इथे स्पष्ट टाइप करते, कारण मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. दुकानवाला बाईमाणसाला सांगणार नाही, ग्रुपमधले पोट्टे लाजतात आणि नवऱ्याला माहीत नाही. पॅडवाल्या शॉर्टच्या आत काहीही घालायचं नाही. पॅड हेच आतलं कापड आहे, त्याचा वरचा थर गुळगुळीत आणि घाम शोषून पसरवणारा असतो, आणि तुम्ही मध्ये सुती चड्डी घातली की ती घामानं ओली होते, ओलीच राहते आणि तिच्या शिलाया मांडीत रुततात. म्हणजे पैसे देऊन ज्या गोष्टीपासून सुटका विकत घेतली तीच परत आत घालून बसायचं. आता विचित्र वाटेल, मलाही वाटलं, पहिल्या दिवशी सारखं वाटत होतं की काहीतरी विसरून घराबाहेर पडले. दोन राइडमध्ये सवय होते.

पॅडला जुने सायकलवाले शॅमी म्हणतात ते पण ताईंनीच सांगितलं. आल्प्सच्या डोंगरात शॅमॉय नावाची बकरीसारखी एक जात असते, तिच्या कातड्याचा तुकडा पूर्वी लोकरीच्या शॉर्टला आतून शिवायचे. ते कातडं धुतलं की वाळून पापडासारखं कडक व्हायचं, म्हणून राइडच्या आधी त्यावर क्रीम चोळून मऊ करायचे. लोकर गेली, 1958 मध्ये अमेरिकेत ड्यूपाँटमध्ये जो धागा बनला त्याचं लायक्रा आलं, कातड्याच्या जागी स्पंज आला, पण नाव राहिलं आणि क्रीम पण राहिली. क्रीम आता कातड्यासाठी नाही, आपल्या कातडीसाठी.

दुसरी शॉर्ट, 1,450. यावेळी म्हटलं ऑनलाइन नको, शहराबाहेरच्या एका मोठ्या दुकानात जाऊन घेऊ. तिथे लेडीजमध्ये माझा साइज संपलेला. काउंटरवरचा पोट्टा म्हणाला, "मॅडम हे घ्या ना, युनिसेक्स आहे." युनिसेक्स म्हणजे जेन्ट्सचीच, फक्त टॅग वेगळा, हे तेव्हा कळत नव्हतं. आणि माझं लॉजिक काय, तं पहिल्या शॉर्टचं पॅड चेपलं म्हणजे बारीक होतं, म्हणून यावेळी जाड घ्यायचं. दुकानातलं सगळ्यात जाड पॅड शोधलं, दोन बोटं जाड, वरून जेल. घालून चालले तं लंगोट बांधलेल्या बाळासारखी, पाय फाकवत. नवरा आठ दिवस हसत होता.

इथे मी जी चूक केली ती बहुतेक सगळे करतात, म्हणून जरा नीट सांगते. बसताना आपलं वजन बुडाखालच्या दोन हाडांवर पडायला पाहिजे. तिथे आधार पाहिजे. त्या दोघांच्या मधला जो भाग आहे, जिथून नसा जातात, तिथे आधार नको, तिथे दाब पडायलाच नको. आता स्पंज जाड आणि भुसभुशीत असला की हाडं त्यात बुडतात आणि मधला स्पंज वर उठतो, गादीवर गुडघे टेकले की मधली गादी फुगते ना तसं, आणि नेमका नको तिथे दाबतो. म्हणून मऊ गादीवर बसून सुद्धा मुंग्या येतात, बधिर होतं. मला 30 किमीलाच व्हायला लागलं. बरं जेन्ट्सचं पॅड पुढून लांब आणि फुगीर, त्यांच्या गरजेप्रमाणे, आणि मागे अरुंद. माझी हाडं पडत होती पॅडच्या कडेवर आणि जिथे काही गरज नाही तिथे उशी.

त्यात मे महिना. आपल्याकडचा मे म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको, सकाळी साडेसहाला 30 आणि नऊ वाजता रस्ता तापायला सुरुवात. कळमेश्वरला जाऊन परत येताना, फेटरीच्या अलीकडेच, ते जेल म्हणजे गरम पाण्याची पिशवी झालं होतं. जेलमधून हवा जात नाही, घाम खालीच राहतो आणि तापत राहतो. थंड देशात चालत असेल, माहीत नाही, पण आपल्याकडे जेलवर पैसे घालणारा माणूस मला भेटला तं मी त्याला हात जोडून थांबवीन. घामोळ्या आल्या. आठवडाभर पावडर.

आता तिसरी. डॉक्टर ताई म्हणाल्या बर्डीवर जा, आतल्या गल्लीत एक जुनं सायकलचं दुकान आहे, पुढे पोरांच्या सायकली टांगलेल्या असतात, मागे खरा माल असतो. गेले. साठीच्या आसपासचे काका, हाताला ग्रीस, चष्मा कपाळावर. म्हटलं पॅडवाली शॉर्ट दाखवा. शॉर्ट दाखवायच्या आधी त्यांनी पाच प्रश्न विचारले, कोणती सायकल, किती किमी, किती वाकून चालवता, कुठे दुखते, सीट कोणती. मी जरा घुटमळले, कुठे दुखतं ते कसं सांगायचं. तं त्यांनी बायकोला हाक मारली, काकू आतून आल्या, म्हणाल्या "मला सांगा." अर्धी लढाई तिथेच जिंकली त्यांनी.

मग काकांनी नवीन सायकलच्या खोक्याचा एक तुकडा फाडला, तो नळ्या-नळ्यांचा पुठ्ठा असतो तो, लाकडी स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "यावर बसा ताई, टाचा उचला, थोडं पुढे वाका, दोन मिनिटं हलू नका." आणि स्वतः तोंड फिरवून एका पोराच्या सायकलीत हवा भरायला गेले. मी उठल्यावर पुठ्ठा ट्यूबलाइटखाली तिरका धरला आणि त्यावर दोन खळगे, उथळ पण स्पष्ट, वाटीच्या बुडासारखे. काकूंनी खडूनं प्रत्येक खळग्याच्या मधोमध एक टिंब काढलं, दोन टिंबांमध्ये शिवणाची टेप लावली, 13 सेंटीमीटर. काका म्हणाले बायकांचं साधारण जास्तच भरते, पण माणसागणिक वेगळं, आणि जाड-बारीक असण्याशी त्याचा काही संबंध नाही, हाडाचं माप आहे ते, चरबीचं नाही. एकदम शिडशिडीत पोट्टीचं पण 14 भरू शकते.

मग चार शॉर्ट्स काउंटरवर उलट्या करून ठेवल्या, आतलं पॅड वर, आणि प्रत्येकीशेजारी माझा पुठ्ठा धरून पाहिला. पॅडवर मागच्या बाजूला दोन उठलेले भाग असतात, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचे, तिथे स्पंज जास्त दमाचा असतो. माझी दोन टिंबं त्या दोन उठावांवर, एकेकाच्या बरोबर मध्यावर आली पाहिजेत. काउंटरवरच्या पहिल्या दोन शॉर्ट्सचे उठाव आतच संपत होते. तिसरीत बरोबर बसली. इतकं साधं आहे हे आणि मी दोन वर्षं जेल, फाइव्ह डी आणि रिव्ह्यूंचे तारे मोजत बसले होते.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. उठाव अंगठा आणि तर्जनीत धरून जोरात दाबायचा. बोटं एकमेकांना भेटल्यासारखी वाटली की ते पॅड रामटेकपर्यंतच साथ देणार. चांगलं पॅड दाबलं की विरोध करते आणि सोडलं की लगेच वर येते. काही लेबलांवर स्पंजची घनता लिहिलेली असते, 80, 120 अशी, एका घनमीटरला किती किलो त्या हिशेबात. आकडा मोठा म्हणजे तेवढ्याच जाडीत जास्त वजन पेलणार. माझ्या शॉर्टमध्ये हाडांखाली 120 आहे आणि बाकी 80, जाडी दुसऱ्या शॉर्टच्या निम्मी पण नाही. हातात धरली तेव्हा मनात आलं, एवढंसं? यासाठी 3,200? मग कडा पाहिल्या, पॅड कडेला पातळ होत होत कापडात मिसळून जाते, शिलाई चपटी, बोट फिरवलं तं लागत नाही.

ट्रायल रूम म्हणजे मागचं गोडाऊन, टायर, ट्यूबा आणि एका कोपऱ्यात गणपतीचं मखर. पण कडी चांगली होती आणि आरसा होता. (ट्रायलला मात्र आतले कपडे ठेवूनच घालायची, दुसरी कुणी घालणार असते नंतर.) उभं राहिलं की घट्ट आणि मागून थोडी विचित्र वाटली. काकूंनी बाहेरून आवाज दिला, "उभं राहून पाहू नका, वाका." वाकले आणि शॉर्ट जागेवर बसली. मग माझ्याच सायकलीचं मागचं चाक स्टँडवर लावून दहा मिनिटं पेडल मारायला लावलं, गल्लीतले दोन पोट्टे पाहत होते, पाहू दे. साइजचं एक सांगते, माझी पँट एल असते आणि ही एक्सएल बसली. त्यात काही अपमान नाही, कंबर आणि नितंब टेपनं मोजा आणि आकडा पाहून घ्या. ढिली शॉर्ट घेतली की पॅड सरकते आणि सरकणारं पॅड म्हणजे पॉलिश पेपर.

बिब घेऊ का कंबरेची, यावर पण तासभर घातला. बिब म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली. तिचे फायदे खरे आहेत, पोटावर इलॅस्टिक रुतत नाही, पॅड जागचं हलत नाही, वाकलं की कंबर उघडी पडत नाही. डॉक्टर ताई बिबच घालतात आणि शपथा घेतात. पण हायवेवर बाईला बाथरूमला जायचं असेल तं बिब म्हणजे आधी जर्सी काढा, मग पट्टे उतरवा, मग बाकीचं, आणि हे सगळं ढाब्यामागच्या कडी नसलेल्या दरवाज्याच्या आड, एका हातानं दार धरून. मी कंबरेचीच घेतली, चार बोटं रुंद पट्टीची, बारीक इलॅस्टिकची नाही. बापे लोकांनी खुशाल बिब घ्यावी, त्यांना काय.

कापडाचं सांगायचं तं नायलॉनमध्ये साधारण पाचवा हिस्सा ताणणारा धागा असतो. दुकानात हातात ताणून उजेडाकडे धरा, पलीकडचा माणूस दिसला की ठेवून द्या. काळाच रंग घ्या. लोक म्हणतात काळ्यात ऊन जास्त लागते, लागत असेल, पण फिक्या रंगात घाम आला की जे दिसते त्यापेक्षा ऊन परवडलं. आणि शॉर्ट म्हातारी झाली की मागून विरळ होत जाते, घालणाऱ्याला कळत नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांची शॉर्ट आता त्या अवस्थेला आली आहे. सकाळचं ऊन समोरून आलं की त्यांच्या मागे ड्राफ्टला (वारा कमी लागावा म्हणून पुढच्याच्या चिकटून मागे चालवतात ते) राहायला कुणी तयार नसते. काका म्हणतात आजकालच्या पोट्ट्यांना ग्रुप रायडिंगची शिस्तच नाही. कोण सांगणार त्यांना, मी तर नाही सांगणार.

मांडीच्या शेवटी जी पट्टी असते, शॉर्ट वर सरकू नये म्हणून, तिच्यात आतून सिलिकॉनचे ठिपके असतात. उन्हाळ्यात त्या ठिपक्यांखाली मला गोल गोल पुरळ आलं, मांडीवर बांगडी घातल्यासारखं. माझ्या शॉर्टची हीच एक गोष्ट मला आवडली नाही. रुंद, नुसत्या ताणाची पट्टी मिळाली तं ती घ्या, आपल्या हवेला तीच बरी.

आता वापरून काय ते. साधारण 1,800 किमी झाले. रामटेक परत दोनदा केलं, काटोल केलं, कोंढाळी केलं, आणि डिसेंबरात 200 ची बीआरएम झाली, 12 तास 40 मिनिटं. पहिले शंभर बसण्याचा विचार पण मनात आला नाही, आणि चांगल्या शॉर्टकडून मला एवढंच पाहिजे होतं. 140 च्या पुढे दुखायला लागलं, पण ते हाडांवरचं मुकं दुखणं, सोलवटणं नाही, काचणं नाही, बधिरपणा नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहायची सवय लावून घेतली आहे, तेवढ्यानं रक्त फिरते. शेवटी दुखणं शून्य करणारी शॉर्ट नसते. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, जवळपास 4,800 किमी, 12 दिवसांच्या आत. त्यांचं बूड कोणत्या मातीचं असेल याचा विचार मी 160 व्या किमीला फार आदरानं केला.

वाईट काय, तं कंबरेची पट्टी घामानं भिजली की उशिरा वाळते. डाव्या पायाच्या पट्टीचे दोन ठिपके निघून आले. खिसा नाही. आणि 3,200 रुपये एका चड्डीला, हे वाक्य घरात मोठ्यानं म्हणता येत नाही.

एक गोष्ट मात्र पैसे न लागणारी, ती शॉर्टच्या आधी करा. सीट पाहा. माझ्या सीटचं नाक थोडं वर होतं, काकांनी लेव्हल लावून सरळ केलं, दोन मिनिटांचं काम, एक पैसा घेतला नाही. आणि मी त्यावर जे जेलचं कव्हर चढवलं होतं ते काढून माझ्या हातात दिलं. मऊ सीटवर मऊ पॅड म्हणजे परत तेच, हाडं बुडणार आणि मधलं वर येणार. सीट चुकलेली असली तं 10,000 ची शॉर्ट पण काही करू शकत नाही, आणि सीट जमली असेल तं हजार-दीड हजाराची, मापाची शॉर्ट पण 60-70 किमी आरामात काढून देते.

धुण्याचं. प्रत्येक राइडनंतर धुवायचीच, एकदा घातली की संपलं, उद्या परत घालते असं नाही. ओली शॉर्ट घालून पोह्यावर तासभर गप्पा मारत बसायचं नाही, केसतोड त्यानं पण होतात. उलटी करून, गार पाण्यात, साध्या पावडरनं, हातानं. पिळायची नाही, ब्रश मारायचा नाही. आमच्याकडे सासूबाईंनी प्रेमानं ती वासाच्या निळ्या पाण्यात, म्हणजे फॅब्रिक कंडिशनरमध्ये, बुडवून ठेवली आणि मग कडक उन्हात गच्चीवर टाकली. त्या निळ्या पाण्यानं कापडाची घाम शोषायची ताकद जाते आणि उन्हानं ताणणारा धागा मरतो. सावलीत टाका, आपल्याकडे मे महिन्यात सावलीत पण दोन तासांत वाळते. पावसाळ्यात मात्र दोन दिवस ओली राहते, पॅड आतून दमट, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला दोन लागतातच.

क्रीम मी विकत घेत नाही. खोबरेल तेल लावते, बोटभर, जिथे काचते तिथे. पेट्रोलियम जेली लावून पाहिली होती, ती पॅडमध्ये जाऊन बसली आणि चार धुण्यांत निघाली नाही.

लाजेचं पण सांगते, कारण बायका हेच आधी विचारतात. पहिले दोन महिने मी वरून नवऱ्याची ढिली हाफ पँट घालत होते, ती सीटच्या नाकात अडकून एकदा लॉ कॉलेज चौकात सिग्नलला पडता पडता वाचले. तेव्हापासून ती बंद. आता लांब जर्सी घालते आणि निघते. सोसायटीतल्या काकू पाहतात, पाहतात आणि मग विचारतात की वजन किती कमी झालं.

दुकानाबद्दल. काका-काकूंना माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बिलासाठी, मागितल्याशिवाय देत नाहीत आणि मागितलं तं पॅडवर पेननं लिहून देतात. (लिहायच्या पॅडवर, हो.) माल थोडाच असतो, लेडीजचे तीन-चार पीस, संपले की पंधरा दिवस थांबा. उलट त्या मोठ्या दुकानात रॅकच्या रॅक होते, पण दुसरी शॉर्ट परत करायला गेले तं टॅग काढला म्हणून घेतली नाही, आणि आत घालायच्या कपड्याचं ते बरोबरच आहे म्हणा, मीच समजा ती परत केलेली शॉर्ट विकत घेतली असती तं. माझी तक्रार एवढीच की घेताना कुणीतरी पुठ्ठ्यावर बसवायला पाहिजे होतं.

राहिली कुंडी. पहिल्या दोन्ही शॉर्ट्स फेकायला काढल्या होत्या, सासूबाईंनी त्या गरम पाण्यातून काढल्या, दुसरीचं जाड जेलवालं पॅड कात्रीनं कापून काढलं आणि आता गॅलरीतल्या कुंड्यांची माती उकरताना गुडघ्याखाली घेतात. पहिलीचा निळा स्पंज मोगऱ्याच्या कुंडीत तळाला घातला, पाणी धरून ठेवते म्हणतात. मोगरा बरा चालला आहे. पण गुडघ्याखाली एकच पॅड आहे आणि गुडघे दोन, त्यामुळे परवा चहा देता देता त्यांनी विचारलं, "ही तिसरी कधी खराब होणार आहे गं तुझी?"